आइन म्हणजे दादा

“वय विचारतेय ती तुझं,” विक्रांत म्हणाला.

“माझं?” वहिनींनी पदर सावरला. “ना नाव विचारलं, ना गाव. एकदम वय?”

हे चाललं होतं हनोई शहरातल्या एका गल्लीत, भर फुटपाथवर. आपल्याकडं न्हाणीत अंग घासायला बसायचं प्लास्टिकचं स्टूल असतं ना, तसल्या निळ्या स्टुलावर आमच्या वहिनी बसल्या होत्या. बसल्या कसल्या, टेकल्या होत्या. गुडघे हनुवटीला लागलेले, प्रवासासाठी मुद्दाम घेतलेली रेशमी साडी गटाराच्या कडेला लोळतेय, आणि समोर चहाची किटली घेऊन लोआनबाई हसत उत्तराची वाट बघतायत.

“इकडं तशी रीत आहे, आई,” विक्रांत म्हणाला. “समोरचं माणूस मोठं की लहान ते कळल्याशिवाय हाकच मारता येत नाही. मोठी असली तर ताई, त्याहून मोठी तर मावशी, आजी. नुसतं ‘मी’ आणि ‘तू’ कुणी म्हणतच नाही. सगळी नातीच.”

“मग आपल्यासारखंच की,” मी म्हणाले. “आपण फक्त वय शेजारणीकडून काढून घेतो.”

वहिनींनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं. त्यांचा तो जुना अभ्यास आहे. “पन्नास सांग,” त्या म्हणाल्या.

विक्रांत स्वतः तेहेतीस वर्षांचा घोडा. त्यानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि निमूट पन्नास सांगितलं. मला विचारल्यावर मी खणखणीत एकसष्ट सांगितलं. कऱ्हाडात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजावर ओरडून ओरडून माझा गळा असा झालाय की मला काही हळू सांगताच येत नाही, आणि हळू सांगता येत नाही म्हणून खोटंही जमत नाही.

लोआनबाईंचा चेहरा फुलला. त्या घरात गेल्या, पाठीची चांगली खुर्ची घेऊन आल्या आणि तिच्यावर मला बसवलं. बर्फ घातलेला चहा पहिला मला दिला. त्याला ते ‘चा दा’ म्हणतात. मग वहिनींकडं वळून काहीतरी बोलल्या.

“काय म्हणाली?”

विक्रांत घुटमळला. “त्या चोपन्न वर्षांच्या आहेत. म्हणजे आत्या त्यांची थोरली बहीण, आणि तू धाकटी. म्हणाल्या, धाकटे, जरा सरकून बस, गिऱ्हाईक येतंय.”

आठ वर्षं कमी करायला गेल्या आणि होता तो मान घालवून बसल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आता आम्ही तिथं गेलोच कशाला ते सांगते. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. विक्रांत म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, अण्णांचा मुलगा. औषधांच्या कंपनीतर्फे हनोईला गेला आणि त्या गल्लीत लोआनबाईंच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली. खोलीबरोबर घरमालकिणीची मुलगीही आवडली. फोनवर त्यानं अण्णांना सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशीच. अण्णा म्हणाले, “आईशी बोल,” आणि फोन वहिनींच्या हातात देऊन मळ्यात निघून गेले. आमच्या घरातले पुरुष असेच शूर.

इकडं वहिनींनी वारणेकाठच्या एका कारखाना-संचालकाची मुलगी हेरून ठेवलेली. श्रावण उतरला की सुपारी फोडायची, इथवर बोलणं आलेलं. “पोराला घेऊनच येते,” असं सगळ्या भावकीत सांगून त्या निघाल्या. एकटीला विमानाची भीती म्हणून मला बरोबर घेतलं. माझा पासपोर्ट तयार होता. दुबईला जायचं म्हणून काढला होता, तेवढ्यात गिरणीची मोटर जळाली आणि दुबई राहिली.

आणि मुलीचं नाव काय, तर थू.

पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा वहिनींना वाटलं, पोरगा थुंकला. “पत्रिकेत काय छापायचं?” त्या आठवडाभर घरात ओरडत होत्या. “चि. सौ. कां. थू? पाहुणे अक्षता टाकतील का तोंड पुसतील?” विक्रांत सांगून दमला, की त्यांच्यात थू म्हणजे शरद ऋतू. “मग शरद म्हणा तिला,” वहिनी म्हणाल्या. “तेवढंच राहिलंय.”

या विक्रांतनं आणखी एक शहाणपणा करून ठेवला होता. आईला म्हणाला, तू नुसती ये, बघ, मग तू म्हणशील तसं. आणि लोआनबाईंना म्हणाला, आई मागणी घालायला येतेय. दोन्हीकडं साखर पेरली आणि मुंग्यांची वाट बघत बसला. म्हणून ती सगळी गल्ली आमच्याकडं वरपक्ष म्हणून बघत होती, आणि वहिनी गल्लीकडं पोरगा पळवणारी टोळी म्हणून.

गल्ली मात्र बघण्यासारखी होती. घरात फक्त देव, फोटोतले पूर्वज आणि झोपणं. बाकी सगळा संसार फुटपाथवर. पहाटे खांबावरचा कर्णा बोलायला लागायचा. काय बोलतो ते कुणीच ऐकत नसे, पण त्यानं सगळे उठत. मग एक बाई सायकलवर फुलांचा ढीग घेऊन यायची. समोरच्या भिंतीला आरसा टांगून न्हावी दुकान मांडायचा. त्याच्या शेजारी कुणी भांडी घासतंय, कुणी मासे साफ करतंय, कुणी पोराला न्हाऊ घालतंय, आणि या सगळ्यांच्या मधून स्कूटर जाते, तीही फुटपाथवरून. कुणी कुणाला शिवी देत नाही. आमच्या कऱ्हाडात एवढ्यात तीन भांडणं आणि एक पुतळा झाला असता.

“घाण,” वहिनी म्हणायच्या. “रस्त्यावर बसून खातात.”

“वहिनी, आपण मंगळवारच्या बाजारात भजी कुठं खातो?”

“ते उभं राहून.”

खाण्याचाच खरा घोळ होता. श्रावण चालू, वहिनींना मांस-मासा तर नाहीच, त्याचा वासही नको. पहिल्या सकाळी आम्ही दोघी नाक्यावरच्या खाणावळीत गेलो आणि वहिनी म्हणाल्या, “चाय.” बाईनं मान हलवली आणि शेवयांचा वाडगा आणून ठेवला. वहिनींनी तो बाजूला सारला. “चाय! चाय!” बाईनं आणखी मोठा वाडगा आणला. तिसरा आला तेव्हा शेजारच्या स्टुलावरचा एक हाडकुळा म्हातारा उठला, हात जोडले आणि म्हणाला, “राम राम जी. के हाल सै?”

माझ्या हातातला चमचा पडला. हनोईच्या नाक्यावर हरियाणा!

हे लाम आजोबा. गुरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. तरुणपणी म्हशींचं काहीतरी शिकायला हरियाणात पाठवलं होतं, तिथल्या गोठ्यात हिंदी शिकले. त्यामुळं त्यांची हिंदी म्हशीला कळेल अशी होती, थोडकी आणि ठणठणीत. त्यांनी सांगितलं, इकडं ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. बाई बिचारी वहिनींना शाकाहारी, आणखी शाकाहारी, एकदम शाकाहारी असं वाढत होती.

त्या दिवसापासून लाम आजोबा आमचे दुभाषे झाले. विक्रांत दिवसभर हपिसात, थू पण. मग दुपारी आम्ही लोआनबाईंच्या टपरीवर. तिथं टीव्हीवर आपल्याच हिंदी मालिका, त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या. सगळी गल्ली डोळे पुसत बघायची. लोआनबाईंनी वहिनींच्या टिकलीकडं, बांगड्यांकडं बघून विचारलं, “धाकटे, तुमच्यात खरंच सासू सुनेच्या दुधात विष घालते का?”

लाम आजोबांनी ते भाषांतर करून सांगितलं. “नहीं,” वहिनी म्हणाल्या. “दूध महँगा है.”

आणि सगळ्या खो खो हसल्या. वहिनींनाही हसू आलं, पण लगेच आवरलं. आपण कशासाठी आलोय ते त्यांना आठवलं असणार.

एके दिवशी सुट्टीचा वार होता. विक्रांत, थू, आम्ही सगळे टपरीवर बसलेलो. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी शीळ घातली, आणि एका क्षणात सगळा संसार उठला. फुटपाथ मोकळा करणारी गाडी आली होती. न्हाव्यानं आरसा काखेत मारला, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्ची उचलून पळालं. भजीवालीनं कढई तशीच तेलासकट उचलली. वहिनींना काहीच कळेना. त्या स्टुलात अडकून बसलेल्या. थूनं एका हातात किटली घेतली, दुसऱ्या हातानं वहिनींना दंडाला धरून स्टुलासकट उभं केलं आणि घरात नेऊन सोडलं. जाता जाता ती विक्रांतला ओरडत होती, “आइन! आइन!” बर्फाची पेटी बाहेर राहिली होती, ती आणायला सांगत होती.

गाडी आली, मोकळ्या फुटपाथकडं बघून समाधानानं गेली. लगेच सगळे परत बाहेर. लोआनबाईंनी वहिनींच्या साडीवरचा चहा आपल्या हातानं पुसला. मला ती थू त्या दिवशी आवडली. बोलत नव्हती फारसं, पण कामाची होती, आणि दंडाला धरली ती पकड सुनेची होती, पाहुणीची नव्हती.

वहिनी मात्र वेगळ्याच विचारात. “वन्सं,” त्या मला म्हणाल्या, “ती त्याला आइन आइन काय म्हणते? नाव घेत नाही?”

“मला काय ठाऊक? लाम आजोबांना विचारा.”

दुसऱ्या दिवशी विचारलं. लाम आजोबांनी जरा विचार केला. “आइन माने... बड़ा भाई.”

“भाई?”

“बड़ा भाई. भैया.”

वहिनींचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं कुलदैवत प्रसन्न झालं. “वन्सं, ऐकलंत? दादा म्हणते ती त्याला! दादा! आणि हा गाढव लग्न करायला निघालाय.”

“वहिनी, समोरच्या न्हाव्याची बायकोपण न्हाव्याला आइनच म्हणते. काल तिनं ज्या सुरात हाक मारली ना, बहिणीचा सूर तसा नसतो.”

“असेल चुलतभाऊ.”

“वहिनी!”

“आता तुम्ही मधे बोलू नका.”

“बोलते. तुम्ही माझ्या मामाची लेक. लग्नाआधी आमच्या अंगणात येऊन तुम्हीच अण्णांना दादा दादा करत होतात. मी ऐकलंय. चिंचा पाडून द्यायला सांगायचात.”

“ते वेगळं,” वहिनी म्हणाल्या, आणि कानापर्यंत लाल झाल्या.

त्यांचा बेत असा होता. दोन दिवसांनी राखीपौर्णिमा. थूच्या हातून विक्रांतला राखी बांधून घ्यायची, आणि ती घरात नाही, भर गल्लीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. एकदा राखी बांधली की भाऊ-बहीण. मग कसलं लग्न आणि कसलं काय. परत फिरायची सोयच नाही. विक्रांतला म्हणायचं, “बाबा रे, बहिणीशी लग्न करतोस का?” आणि परतीचं विमान पकडायचं. मला हसावं का रडावं कळेना. त्या पोरीचं पुढचं सगळं आयुष्य वहिनी एका दोऱ्यानं गुंडाळायला निघाल्या होत्या, आणि तिला विचारणार कोण, तर कुणीच नाही.

राखी कुठं मिळणार? तिथं एकेका रस्त्यावर एकेका वस्तूचीच दुकानं. एक रस्ता नुसता कुलपांचा, एक नुसत्या टोपल्यांचा. लाम आजोबा आम्हाला रेशमाच्या रस्त्यावर घेऊन गेले. वहिनींनी तिथून लालभडक रेशमाचं अख्खं रीळ घेतलं. लाम आजोबांनी विचारलं, कशाला?

“उस लडकी को बोलो,” वहिनी म्हणाल्या, “हमारा रिवाज है. पूनम के दिन सबके सामने ये विक्रांत के हात को बांधने का. बस. आगे का कुछ मत बोलो.”

“क्यूं ना बोलूं?”

“अशुभ होता है.”

लाम आजोबांनी रिळाकडं बघितलं. मग वहिनींकडं बघितलं. त्यांचे डोळे एकदम ओले झाले. “घणा चोखा काम,” ते म्हणाले, आणि वहिनींचे हात धरून गदागदा हलवले. मला तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं. एका राखीसाठी माणूस एवढा भरून येतो का? पण मी मधे बोलायचं नाही असा हुकूम होता.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विक्रांत कामावरून आला आणि गल्लीच्या तोंडाशीच स्कूटर थांबवून उभा राहिला. सगळी गल्ली चांगले कपडे घालून फुटपाथवर जमली होती. न्हाव्यानं दुकान आवरलं नव्हतं, पण शर्टाला इस्त्री केली होती. फुलवाली उरलेली सगळी फुलं घेऊन आली होती. लोआनबाईंनी तो त्यांचा लांब झगा घातला होता, सणासुदीचा, निळा. थू तसलाच पांढरा घालून खाली मान घालून उभी. मधे वहिनी, हातात औक्षणाचं ताट, कपाळावर आठी आणि ओठांवर हसू.

“ये, हात पुढं कर.”

विक्रांत जवळ आला आणि कुजबुजला, “आई, आज राखीपौर्णिमा आहे.”

“मला ठाऊक आहे.”

“आई, अगं...”

“दादा म्हणते ना तुला? सगळ्या गल्लीसमोर म्हणते. मग बांधून घे सगळ्या गल्लीसमोर.”

“आई, तो शब्द...”

“हात!”

विक्रांतनं माझ्याकडं बघितलं. “माझ्याकडं काय बघतोस?” मी म्हणाले. “बोल की रे. तोंडात काय गुळणी धरलीस?” पण आमच्या घरचा पुरुष तो. त्यानं बोलण्याऐवजी हात पुढं केला. मला इतका संताप आला की तिथंच त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

थूनं रीळ घेतलं. आधी विक्रांतच्या त्या लांब केलेल्या हाताकडं बघितलं, मग वहिनींकडं, मग माझ्याकडं. मग शांतपणे धाग्याचं टोक सोडवून त्याच्या मनगटाला तीन वेढे दिले आणि गाठ मारली. वहिनींनी डोळे मिटले. सुटकेचा असा श्वास सोडला, की निरांजन विझलं.

डोळे मिटले हीच चूक झाली. थूनं धागा तोडला नाही. रीळ उलगडत एक पाऊल मागं आली, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं, आणि धाग्याचा एक पदर दातात धरून गाठ करकचून आवळली.

गल्लीनं असा जल्लोष केला की वरच्या मजल्यावरची कुत्री भुंकायला लागली. न्हाव्यानं बायकोला मिठी मारली. फुलवालीनं सगळी फुलं त्या दोघांच्या डोक्यावर ओतली.

वहिनींनी डोळे उघडले. “हे काय? हिनं स्वतःला कशाला बांधली? लामजी, ये क्या है?”

लाम आजोबा रुमालानं नाक पुसत होते. त्यांनी आकाशाकडं बोट केलं. “ऊपर चांद में एक बुड्ढा. एक बुड्ढी. लाल धागा. किसका किसके साथ, वो बांधे. छोरे को, छोरी को. बांध दिया तो बांध दिया.” मग वहिनींपुढं हात जोडून म्हणाले, “यहां मां-बाप बस मांगने आवे. धागा कोई ना लावे. आप खुद ले आई. इतनी बढ़िया सास हमने ना देखी.”

“सास?”

“शादी पक्की.”

त्या हिंदी मालिका सगळी गल्ली रोज बघत होती, त्यांत राखीचा भाग कधी झालाच नसेल असं मला कुणी शपथेवर सांगावं. मी थूकडं बघितलं. ती विक्रांतच्या केसांतली पाकळी काढत होती. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

“कात्री,” वहिनी म्हणाल्या. “वन्सं, कात्री द्या.”

“माझ्याकडं कुठली? विमानात नेऊ देत नाहीत.”

वहिनींनी इकडं तिकडं बघितलं. न्हाव्याच्या आरशाखाली फळीवर कात्री होती. त्या ताट माझ्या हातात कोंबून तिकडं निघाल्या. खरंच कापणार होत्या. तो चेहरा मी लहानपणापासून ओळखते. विक्रांत “आई” म्हणून ओरडला, पण धाग्यानं बांधलेला, पुढं येईना. आणि तेवढ्यात लोआनबाई वाटेत आडव्या आल्या. त्यांच्या हातात लाल ताट होतं. ताटात विड्याची पानं, आणि मधोमध हिरव्यागार सुपारीचा घड. पुनवेला त्यांच्याकडंही देवापुढं पान-सुपारी ठेवतात. तीच उचलून आणली होती. त्यांनी ताट वहिनींच्या दोन्ही हातांत ठेवलं आणि हळू आवाजात बोलायला लागल्या.

आता विक्रांतला कंठ फुटला. “आई, इकडं मागणी घालताना मुलाकडचे पान-सुपारी घेऊन येतात. त्या म्हणतायत, तू परक्या देशातली, तुला इथला बाजार ठाऊक नाही, म्हणून तुझी राहिली असेल. ही आमच्या देवापुढची घे आणि आम्हाला दे. लोक बघतायत. धाकट्या बहिणीची लाज ती थोरलीची लाज.”

वहिनी थिजल्या. ताट खाली ठेवावं तर खाली गटार. कुणाच्या हातात द्यावं तर दिली सुपारी, ठरलं लग्न. पान-सुपारी भिरकावून देणारी बाई आमच्या सात पिढ्यांत जन्मली नव्हती. दोन्ही हात अडकलेले, कात्री फळीवर, गल्ली बघतेय.

थू पुढं आली. विक्रांतही ओढला गेला मागोमाग. तिनं वहिनींसमोर कमरेत वाकून नमस्कार केला, घडातली एक सुपारी खुडली, पानात ठेवली, दोन्ही हातांनी पुढं धरली आणि म्हणाली, “मे... कॉन...”

“कोण?” वहिनींचा स्फोट झाला. “कोण? माझ्या पोराला बांधून घेतलंस, गल्ली गोळा केलीस, आईबापाचं नाक कापलंस, आणि वर मलाच विचारतेस मी कोण? अगं, सासू आहे मी तुझी! सासू!”

गल्लीला मराठी कुठलं कळतंय. पण लाम आजोबांना तेवढा एक शब्द पुरला. “सास!” ते दोन्ही हात वर करून ओरडले, आणि मग त्यांच्या भाषेत सगळ्यांना ओरडून सांगितलं. पुन्हा टाळ्या, पुन्हा कुत्री.

वहिनींचा हात तोंडावर गेला असता, पण हातात ताट होतं.

“आई,” विक्रांत म्हणाला. “ती ‘कोण’ नाही म्हणाली. ‘कॉन’ म्हणाली. कॉन म्हणजे लेकरू. आजवर तुझ्याशी बोलताना ती स्वतःला भाची म्हणायची. आज पहिल्यांदा... ‘आई, लेकरू तुला पान देतंय’ असं म्हणत होती ती.”

थू तशीच वाकून उभी होती. विडा तिनं इतका घट्ट धरला होता की पान मुडपलं होतं. इतका वेळ जी पोर दगडासारखी होती, तिला भीती वाटत होती हे मला तेव्हा दिसलं. मी वहिनींच्या कोपराला कोपर लावलं. आयुष्यात एकदा मला गप्प बसायचं सुचलं.

वहिनींनी ताट एका हातावर तोललं. दुसऱ्या हातानं तो विडा घेतला. उलटासुलटा करून बघितला, सुपारी नखानं टोकरली, वास घेतला. मग तोंडात टाकला, चावला, आणि तोंड वाकडं केलं. सगळी गल्ली त्यांच्या जबड्याकडं बघत होती.

“विक्रांत,” त्या म्हणाल्या.

“काय, आई?”

“विहीणबाईंना सांग, सुपारी ओली आहे. आमच्यात अशी चालत नाही.”

विक्रांतनं ते सांगितलं. लोआनबाई मान डोलावून डोलावून हसायला लागल्या, आणि आत जाऊन वहिनींसाठी पाठीची खुर्ची घेऊन आल्या.